रेडिओ बांधवरचा विरोधी आवाज

हजराबी कार्यक्रम संचालक होत्या म्हणजे नेमके काय होत्या, हे महागावात कोणालाही नीट सांगता येत नसे. पुसदहून रोज सकाळी त्या ज्या एसटीने येत, तिच्या वाहकाची समजूत अशी होती की या बाई गाणी लावतात. "मॅडम, आज कोन्तं गाणं लावता?" असे तो तिकीट देताना विचारी. हजराबी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत आणि म्हणत, "गाणं नाही बेटा. आम्ही माणसं लावतो."

हे उत्तर त्यांना स्वतःला फार आवडत असावे, कारण वाहक बदलला तरी उत्तर बदलत नसे.

एका सामाजिक संस्थेने चालवलेले 'रेडिओ बांध' हे केंद्र बाजार समितीच्या मागे दोन खोल्यांत होते. आवाज घुमू नये म्हणून आतल्या खोलीच्या भिंतींवर गोधड्या ठोकल्या होत्या. माइक सुरू असताना पंखा बंद ठेवावा लागे, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये येणारे पाहुणे आपली मते नेहमीपेक्षा लवकर आटोपती घेत. हजराबींच्या मते उन्हाळ्याचा तेवढाच उपयोग होता.

प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम स्वीकारले, तेव्हा ते शिकवण्याहून सोपे असेल असा त्यांचा अंदाज होता. तो पहिल्याच आठवड्यात चुकला. रोज सकाळी दहाला 'बोला बांधावरून' हा कार्यक्रम थेट प्रसारित होई. त्यासाठी विषय ठरवणे, त्या विषयावर बोलू शकेल असा माणूस शोधणे, तो येतो म्हणाला तरी येणार नाही हे गृहीत धरून दुसरा हेरून ठेवणे, दोघेही आले तर कोणाचा मानभंग होणार नाही अशा बेताने एकाला चहावर बसवून ठेवणे, ही सारी कामे त्यांच्याकडे होती. माणूस खुर्चीत बसल्यावर खरी अडचण सुरू होई. घरी ओसरीवर अस्सल बोलणारा माणूस माइक दिसताच भाषण करू लागे. निवृत्त झालेले एक पशुवैद्य जनावरांच्या लसीकरणावर बोलायला आले. खोलीत ते आणि हजराबी, एवढेच होते. डॉक्टरांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली, "व्यासपीठावर उपस्थित सर्व मान्यवर..." काचेपलीकडे यंत्रावर बसलेली उमेरा मान वळवून मागे पाहू लागली. मान्यवर कोठून आले, हे तिलाही कळेना.

फोन करणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. ते आपलाच आवाज ऐकण्यासाठी शेजारी रेडिओ मोठा करून ठेवत आणि मग फोनवर नुसता घुमारा उठे. "आधी रेडिओ बारीक करा" हे वाक्य हजराबींनी त्या काळात इतक्यांदा उच्चारले की घरी नातवंडे त्यांना जेवायला बोलावतानाही तेच म्हणत.

या सगळ्यात त्यांचा एक नियम मात्र अढळ होता. बोलणाऱ्याने आपले खरे नाव आणि खरे गाव सांगितले पाहिजे. तालुक्यातील एका वजनदार माणसाने नाव न सांगता दोन शब्द बोलण्याची इच्छा कळवली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. ज्याला आपल्या मताखाली सही करायची नाही, त्याचे मत ऐकण्याची सक्ती लोकांवर का करावी, असा त्यांचा प्रश्न होता. संस्थेचे सचिव अश्वजित सर तेव्हा थोडे अस्वस्थ झाले.

नियम पाळला जाई, तरी कार्यक्रम निर्जीव होता. त्याचे कारण सौजन्य होते. प्रत्येक फोन "आधीच्या भाऊनं सांगतलं ते बरोबरच हाय" या वाक्याने सुरू होई आणि त्याच वाक्याने संपे. याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या गावात सकाळी ज्याच्याशी मतभेद झाला त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून दुपारी दवाखान्यात जावे लागते, तेथे मतभेद हा एक खर्चिक व्यवहार असतो. लोक तो पाठीमागे करतात. पण पाठीमागे केलेल्या बोलण्यातून सार्वजनिक विचार उभा राहत नाही, आणि समाजाला त्याची गरज ज्या वर्षी सर्वाधिक असते, नेमके त्याच वर्षी सर्वजण एकमेकांशी सहमत होऊन बसतात.

ते वर्ष तसेच होते. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस आतून पोखरला होता. बाहेरून बोंड निरोगी दिसे आणि उकलल्यावर आत काळे निघे. आता पुढचा हिवाळा आला होता आणि प्रत्येक घरापुढे एकच प्रश्न होता: फरदड घ्यायची की नाही. नेहमीची वेचणी संपल्यावर पराटी, म्हणजे कापसाची झाडे, उपटून न टाकता तिला पुन्हा पाणी द्यायचे आणि आणखी थोडा कापूस काढायचा, याला फरदड म्हणतात. तिच्यात हाती थोडे लागते, पण अळीला उन्हाळ्यापर्यंत राहायला घरही मिळते. हजराबींनी हा विषय घेतला. पाहुणे आले, माहितीपूर्ण बोलले. सर्व श्रोते सर्व पाहुण्यांशी सहमत झाले. उमेरा यंत्रावर पेंगली.

अपवाद होता तो फुलसावंगीच्या नागोरावांचा. गर्भवतींचा आहार असो, दातांची निगा असो, नागोरावांचा फोन येणारच. त्यांच्यामुळेच हजराबींना दुसरा नियम करावा लागला होता: एका माणसाचा आठवड्यात एकच फोन. फरदडीच्या चर्चेत त्यांनी आपला वाटा पहिल्याच दिवशी वापरला. "घ्या बिनधास्त फरदड," ते म्हणाले. "उभ्या पिकाले कोणी लाथ मारते काय जी? अळी यायची तं येईनच. तिले का पत्ता सांगा लागते?"

दुसऱ्या दिवशी एक नवा आवाज आला. बारीक, किंचित नाकातून येणारा, आणि नमस्कार बंजारा तांड्यावरचा.

"जय सेवालाल मॅडम. मी धावजी बोलून राह्यलो. माळावरच्या तांड्यातून."

"बोला धावजीभाऊ."

"ते काल फुलसावंगीचे एक जण बोलले ना, नागोराव का कोण. ते मले बिलकुल पटलं नाही."

उमेरा सरळ बसली. या केंद्रावर हे वाक्य आजवर कोणी उच्चारले नव्हते.

"काहून पटलं नाही?" हजराबींनी विचारले. त्यांचाही आवाज जरा वर गेला होता.

"अहो, तो माणूस अळीले भाड्यानं खोली देऊन राह्यला. अन् वरतून म्हणते, तिले पत्ता कायले पाहिजे. खोलीतच हाय तं पत्ता कायले लागते?"

फोनवर फोन येऊ लागले. काहींना धावजी उद्धट वाटला, काहींना नागोरावांची गंमत झाली म्हणून बरे वाटले. नागोरावांचा वाटा संपलेला असल्याने त्यांना उत्तर द्यायला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावे लागले आणि सारा तालुका त्यांच्यासोबत थांबला. उत्तर आले. त्यावर धावजीचे प्रत्युत्तर आले. चहाच्या टपऱ्यांवर लोक दोन पक्षांत बसू लागले. सर्वांत मोठा बदल असा की इतरांचेही धैर्य वाढले. एका बाईंनी पाहुणे आलेल्या कृषी अधिकाऱ्यांना थेट प्रसारणातच सांगितले, "साहेब, तुमचं हे अर्धं पटलं, अर्धं नाही." अधिकारी खुर्चीत हलले आणि मग त्या संपूर्ण तासात माणसासारखे बोलले.

हजराबींना या यशाचा आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता, कारण धावजीच्या दुसऱ्या फोनच्या वेळीच त्यांच्या कानाने एक गोष्ट टिपली होती. बारीक आवाजामागे पिठाची चक्की चालू होती. तिचा पट्टा सैल होता आणि ठरावीक अंतराने फटका देई. हाच फटका नागोरावांच्या प्रत्येक फोनमागे असे. चक्की त्यांच्या घराला लागून होती, हे त्यांनीच दातांच्या कार्यक्रमात सांगितले होते.

"आपा, धावजीच्या तांड्यात बी चक्की हाय वाटते," उमेरा काचेपलीकडून निर्विकार चेहऱ्याने म्हणाली.

"चक्क्या सगळीकडे असतात," हजराबी म्हणाल्या.

"हो ना. अन् सगळ्याइचा पट्टा ढिल्ला."

"तू यंत्राकडं पाह्य."

ज्या बाईने वजनदार माणसाला नावाशिवाय बोलू दिले नव्हते, ती आता एका माणसाला दोन नावांनी बोलू देत होती. आपण हे का करतो याची त्यांच्याकडे उत्तम कारणे होती. पुरावा नाही. पट्टा कोणाचाही सैल असू शकतो. लोकांचे भले होत आहे. उत्तम कारणे सुचू लागली की माणसाने सावध व्हावे, हे त्यांनी शाळेत मुलांना वर्षानुवर्षे सांगितले होते. स्वतःला सांगायला त्यांना सवड मिळाली नाही.

सवड अश्वजित सरांनी मिळवून दिली. केंद्राचा वर्धापनदिन जवळ आला होता. सर एका सकाळी हजराबींना न विचारता आत आले, माइकसमोर बसले आणि त्यांनी जाहीर केले की येत्या बुधवारी श्रोत्यांचे लाडके नागोराव आणि धावजी केंद्रात समोरासमोर बसतील आणि सर्वांच्या साक्षीने वाद घालतील.

बाहेर आल्यावर ते प्रसन्न होते. "मॅडम, कशी वाटली कल्पना?"

"दोघंही एकाच वेळी येणं कठीण आहे, सर."

"का? भांडण आहे म्हणून? अहो, आपण मध्ये बसू."

हजराबींनी आपली पिशवी उचलली. नियम त्यांचा होता. तो त्यांच्या डोळ्यांदेखत मोडला गेला होता, आणि बुधवारी ते साऱ्या तालुक्याला कळणार होते. नियम गेला की कार्यक्रमात उरते काय, तर बिनसहीची बडबड. दुपारच्या गाडीने त्या फुलसावंगीला गेल्या.

नागोरावांचे घर चक्कीच्या फटक्यावरून सापडले. अंगणात तुळसाबाई, त्यांच्या पत्नी, तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मागच्या भिंतीला उपटलेल्या पराट्यांचा उंच ढीग लावलेला होता. फरदडीच्या कट्टर पुरस्कर्त्याच्या घरी हा ढीग पाहून हजराबी क्षणभर थबकल्या आणि मग त्यांनी आपले नाव सांगितले.

"या जी मॅडम," तुळसाबाई म्हणाल्या. "आवाजावरून वाटलं होतं तुमी उंच असान."

"ही पराटी तुमच्याच वावरातली?"

"मंग कोणाची? घरधन्याचं फोनवर चालूच होतं, घेऊ का नोको, घेऊ का नोको. म्या दोन बाया लावल्या अन् उपटून आणली. सरपण झालं."

नागोराव आतून आले. अंगात स्वच्छ सदरा, चेहऱ्यावर यजमानाचे हसू. हजराबींनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "नमस्कार. धावजीभाऊ पण घरीच आहेत ना?"

हसू तसेच राहिले, पण त्यामागचा माणूस निघून गेला. नागोराव खाटेवर बसले.

"कधी ओळखलं?"

"दुसऱ्या फोनला."

"मंग बोलल्या काहून नाही?"

हा प्रश्न हजराबींना अपेक्षित नव्हता. त्यांनी तो टाळून स्वतःचा विचारला. "तुम्ही हे कायले केलं, भाऊ?"

"मॅडम, खरं सांगू? या गावात माह्या बोलण्याले कोणी आडवं येत नाही. मी काही बी म्हणो, लोक म्हणतात, हो नागोराव, बरोबर नागोराव. अन् पाठ फिरली की हासतात. मले काही समजत नव्हतं, फरदड घ्याव का उपटाव. इचारू कोणाले? जो भेटे तो 'तुमी म्हणता तेच बरोबर' म्हणे. मंग म्हटलं, आपणच आपल्याले आडवं येऊन पाहू."

"अन् काय ठरलं?"

"धावजीचं म्हणणं मले पटत चाललं होतं," नागोराव प्रामाणिकपणे म्हणाले. "तेवढ्यात हिनं उपटलीच."

"दोघंयच्याबी भरवशावर राह्यली असती तं उन्हाळा लागला असता," तुळसाबाई शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या.

नागोरावांनी बुधवारसाठी तोडगा काढून ठेवला होता. शेजारच्या गावचा एक भाचा आवाज बारीक काढू शकत होता. त्याला धावजी म्हणून बसवायचे आणि काय बोलायचे ते आदल्या दिवशी घोटून घ्यायचे. हजराबींनी तो ऐकून घेतला. एका खोट्याला सांभाळायला दुसरे आणावे लागते, हे काही नवे ज्ञान नव्हते, पण ते दुसऱ्याच्या तोंडून इतक्या उत्साहाने ऐकल्यावर त्यांना आपली स्वतःची उत्तम कारणेही आठवली.

"भाचा नको," त्या उठत म्हणाल्या. "तुम्ही एकटेच या. मी आधी सांगीन, मग तुम्ही सांगा."

"लोक फोन करणं बंद करतीन, मॅडम."

"करतील कदाचित."

बुधवारी अश्वजित सरांनी झेंडूची माळ बांधून दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. खरी हकिकत त्यांना दहाला पाच कमी असताना कळली. ते उभे होते ते बसले, तेही नेमके धावजीच्या खुर्चीवर, आणि मग दचकून उठले. "मॅडम, हे आपण संस्थेच्या बैठकीत घेऊ," ते हळू आवाजात म्हणाले. "आज नागोरावांची तब्येत बिघडली म्हणू."

"सर, तब्येत चांगली आहे. बाहेर दोन प्लेट पोहे खाल्ले त्यांनी."

दहा वाजले. हजराबींनी श्रोत्यांना सरळ सांगितले की धावजी नावाचे कोणी नाही, ते नागोरावच आहेत, आणि हे आपल्याला दुसऱ्या फोनपासून माहीत होते. कार्यक्रम रंगू लागला म्हणून आपण गप्प राहिलो. नियम आपणच केला होता आणि आपणच मोडू दिला. नंतर नागोराव बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे बोलणे वेळेआधी संपले.

फोन आला नाही. उमेराने दोनदा तार तपासली. अश्वजित सर दारात उभे राहून छताकडे पाहत होते. अखेर फोनचा दिवा लागला.

"मी शंकरसिंग बोलतो. काळीच्या बाजूच्या तांड्यातून. हे नाव खरं हाय, पाहिजे तं येऊन पाहून घ्या."

"बोला, शंकरसिंगभाऊ."

"धावजीचं ऐकून मी पराटी उपटली. आपला माणूस रेडिओवर एवढा सिधा बोलून राह्यला म्हणून मले गर्व वाटला. त्याले भेटाव म्हणून दोन तांडे फिरलो. लोक मले हासले, असा धावजी कोणी नाही म्हणे. मले वाटलं, लोकच खोटं बोलून राह्यले."

नागोरावांनी माइक जवळ ओढला. "भाऊ, उपटली ते चांगलंच केलं..."

"मी तुमाले इचारलं नाही. 'जय सेवालाल' म्हटलं की झालं का तांड्याचं माणूस? तुमाले भांडाले माणूस पाहिजे होता तं तुमच्या गावातलं नाव घ्या लागत होतं. आमचं काहून घेतलं?"

नागोरावांनी माइकवरचा हात काढला. इतक्या दिवसांत ज्याची ते वाट पाहत होते तो विरोधक अखेर समोर आला होता, आणि त्याच्यापुढे त्यांना एकही वाक्य सुचत नव्हते. "चुकलं भाऊ," ते अखेर म्हणाले. "मले वाटलं, दूरचं नाव घेतलं तं कोणाले लागणार नाही."

"दूरचं कोणाले? आमी तं इथंच हावो."

हजराबींनी माइक आपल्याकडे ओढला. त्या म्हणाल्या, "शंकरसिंगभाऊ, चूक माझी जास्त आहे. मी पुढचा आठवडा कार्यक्रमातून सुट्टी घेते. ही माझी शिक्षा समजा."

"आमच्या तांड्यात तसं चालत नाही, मॅडम. चूक कबूल केली की शिक्षा बैठक सांगते. ज्याची चूक त्यानंच शिक्षा ठरवली तं तो सोपी ठरवीन. सुट्टी कायची? घरी आराम करसान?"

काचेपलीकडे उमेराने तोंडावर ओढणी धरली.

"मग तुम्ही सांगा," हजराबी म्हणाल्या.

पलीकडे शंकरसिंगांचा कोणाशी तरी गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, विचारविनिमय चालल्याचे ऐकू आले. मग निर्णय आला. "नागोरावनं हा हंगाम सरेपर्यंत फोन करायचा नाही. अन् मॅडमनं एक आठवडा रोज तिथंच बसायचं, पण एक शब्द बोलायचा नाही. लोक बोलतीन, तुमी आयकायचं. कोणाले तोडायचं नाही, कोणाले समजावायचं नाही."

निवाडा कठोर होता. नागोरावांना तो लगेच कळला. हजराबींना दुसऱ्या दिवशी, दहा वाजून गेल्यावर कळला. एक गृहस्थ आपल्या दाढदुखीचा इतिहास लग्नाच्या वर्षापासून सांगत होते. हजराबी पेन्सिलीचे टोक चावत बसल्या होत्या. त्यांच्या शिक्षकी आयुष्यात कोणत्याही वर्गाने त्यांचा असा सूड घेतला नव्हता. नागोरावांच्या भीतीप्रमाणे फोन मात्र थांबले नाहीत. काही जण रागावलेले होते आणि ते तसे स्पष्ट सांगत. एकाने सांगितले की आता रेडिओवर विश्वास ठेवायचा की नाही हे तो हंगाम संपल्यावर ठरवील. हजराबींना हे रास्त वाटले. मान हलवण्यापलीकडे त्यांना काही करता आले नाही आणि मान रेडिओवर दिसत नाही.

शंकरसिंग रोज फोन करू लागले. निवाड्याची अंमलबजावणी पाहण्यासाठी, असे ते म्हणत. पण मग फरदडीवर, रस्त्यावर आणि सरपंचावरही बोलत. आठवड्याला एकच फोन, हा नियम सांगायला त्या दिवसांत कोणी नव्हते.

मंगळवारी मैनाबाई नावाच्या एका बाईंचा फोन आला. गाव गुंज, हे त्यांनी आपणहून सांगितले. "शंकरसिंगभाऊ रोज येऊन बोलतात, ते मले पटत नाही," त्या म्हणाल्या. "बाकीच्यायनं कधी बोलाव? अन् मॅडमले मुकं बसवलं, ते तं बिलकुलच पटलं नाही. लय मोठी शिक्षा झाली. त्या बिचारीनं खरं सांगतलं होतं."

शंकरसिंगांनी लगेच फोन करून उत्तर दिले. मैनाबाईंनी त्यांना पुन्हा खोडले. दोघेही एकमेकांना नावाने हाक मारत होते आणि दोन्ही नावे खरी होती.

हजराबी ऐकत होत्या. मैनाबाईंचे म्हणणे त्यांना पटले नाही. शिक्षा मोठी नव्हती, थोडी कमीच झाली होती, असे त्यांचे स्पष्ट मत होते, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांच्याजवळ बरेच मुद्दे होते. पण ते मांडण्याची सोय त्या आठवड्यात नव्हती.